ठेवायची की विकायची

सिग्नल हिरवा झाला, तिने पाय हलकेच दाबला आणि गाडी निघाली. पहिल्यातून दुसऱ्यात गेली तोवर काही नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मात्र इंजिन एकाएकी मोकळंच ओरडलं, गाडी क्षणभर कुणाचीच राहिली नाही, आणि मग मागून कुणीतरी गुडघा घालावा तसा कमरेत दणका बसला. शेजारच्या सीटवरची पर्स खाली पडली. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत पुढे गेला आणि जाता जाता काचेतून तिच्याकडे असा बघून गेला, की जणू हा दणका तिनेच घरून आणला होता. तिला आधी वाटायला हवी होती ती भीती. पण वाटली ती शिसारी. आपण ज्याच्या आत बसलोय त्याच्या पोटात काहीतरी निसटलं, घसरलं आणि पुन्हा चिकटलं. आणि ते ओलं होतं. का कोण जाणे, पण ते ओलंच असणार याबद्दल तिला शंका नव्हती.

गाडी आता तिची होती, पण खरं तर बाबांची. बाबा बॉयलर तपासायचे. कारखान्या-कारखान्यांतून लोखंडी पोटांवर हातोडी मारून, कान लावून, हे चालेल आणि हे चालणार नाही असं सांगत हिंडायचे. फिरती संपत नव्हती आणि पाय दुखायला लागले होते, म्हणून त्यांनी उतारवयात ही क्लच नसलेली गाडी घेतली, आणि घेतल्यावर ती इतकी पिदडली की किलोमीटरचे आकडेसुद्धा दमल्यासारखे दिसायचे. दुसऱ्यांच्या यंत्रांवर काडीचा विश्वास न ठेवणारा तो माणूस स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र पार भाबडा होता. विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, हिच्या गिअरबॉक्सचं तेल सीलबंद असतं, आयुष्यभर बदलावं लागत नाही. हे वाक्य ते येईल त्याला ऐकवायचे. आयुष्यभर म्हणजे कुणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही. आता त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेल अजून आतच होतं. हे तिला पुढच्या सिग्नलला उभं असताना सुचलं आणि घशाशी आंबट आलं. त्यांच्या हयातीतलं तेल, त्यांच्या हातून तापलेलं, निवलेलं, पुन्हा तापलेलं. माणूस गेल्यावर त्याचे कपडे देऊन टाकतात, गादी टाकतात, चष्मा मात्र कुठेतरी खणात पडून राहतो. तेलाचा विचार कुणाच्या मनात येणार?

तिला किळस यावी हेच खरं तर हसण्यासारखं होतं. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून परक्या तोंडांचे साचे येत, कधी त्यांच्या खोबणीत रक्ताचा तांबूस धागा, कधी अन्नाचा कण. ती ते धुऊन त्यांत प्लास्टर ओतायची, गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायची, दात एकेक करून बसवायची. शहरातली किती माणसं तिच्या हातच्या दातांनी चावत होती हे तिलाही ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर नवरा तिला म्हणायचा, तुला कशाचंच काही वाटत नाही, पोट दगडाचं आहे तुझं. तसं नव्हतं. हातमोजा असला की वाटत नसे. मोजा, साचा, प्लास्टर, मेण. तिच्यात आणि तोंडात नेहमी काहीतरी असायचं. सिग्नलवरच्या दणक्यात मध्ये काहीच नव्हतं.

गिअरबॉक्सचं काम करणारा मिस्त्री थुलथुलीत होता आणि बोलताना प्रत्येक शब्द चघळत होता. त्याने गाडी वर उचलली, खालचा बोल्ट जरासा सैल केला आणि पांढऱ्या कागदावर चार थेंब घेऊन कागद तिच्या नाकाशी आणला. "वास घ्या, मॅडम." ती मागे सरकली. "घ्या, घ्या. वासावरूनच कळतं सगळं." नवं तेल लाल असतं म्हणे, सरबतासारखं. हे तपकिरी होतं, कडेला काळं, आणि कागदावर त्याचा डाग पसरत होता तो एखाद्या जखमेच्या पट्टीवर पसरतो तसा, मध्ये दाट आणि कडेला पिवळट. वास जळका. डॉक्टर मशीनने दात कोरतात तेव्हा तोंडातून येतो तसला, हाडाचा. तिने श्वास रोखला, आणि रोखलेल्या श्वासातही तो वास आत होताच.

"बदलायचं का मग?" तिने विचारलं.

"तिथंच तर गोम आहे." मिस्त्रीला मजा येत होती. "कंपनीचं तेल पातळ असतं. तेच घालायला पाहिजे, पुस्तकात तेच लिहिलंय. पण पुस्तक लिहिलं तेव्हा गाडी नवी होती. आता आतल्या प्लेटी झिजल्यात, त्यांची भुकटी ह्याच तेलात उतरलीय. त्या भुकटीच्या जोरावर प्लेटी एकमेकींना धरून आहेत. तेल बदललं, भुकटी गेली, की धरायला राहिलं काय? घाण आहे म्हणून चालतंय, मॅडम."

"म्हणजे नाही बदलायचं."

"नाही बदललं तर जळतच जाणार."

जुन्या, जास्त पळालेल्या गाड्यांसाठी वेगळं तेल मिळतं असं तिने फोनवर वाचलं होतं. तसं ती म्हणाली. मिस्त्रीने मान डोलावली. मिळतं की, सील मऊ करतं, गळती थांबवतं, पण झिजलेलं काही परत आणत नाही. अर्धं काढून अर्धं नवं घालणारे आहेत. मशीन लावून सगळं धुऊन काढणारे आहेत, पण धुतल्यावर गाडी जागची हलली नाही तर मला बोलायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मग तो जरा जवळ आला आणि आवाज खाली आणला, आजूबाजूला कुणी नसताना. "आणि एक बाटली येते. मधासारखी जाड. ती ओतली की दणका गायब. काही महिने अशी चालेल की तुम्हीच म्हणाल, हीच का ती? मग एक दिवस बसेल ती बसेल."

"तुम्ही काय घालाल?"

"ते तुम्ही सांगायचं. ठेवायची की विकायची?"

डॉक्टरने पोट साफ आहे का विचारावं, इतक्या साधेपणाने त्याने हे विचारलं. उत्तरावर तेल अवलंबून होतं. आपल्यासाठी एक औषध, दुसऱ्यासाठी दुसरं, दुखणं तेच. तिला त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात साचलेला पांढरा फेस दिसला आणि ती म्हणाली, घरी विचारून सांगते. म्हणाली आणि तिला स्वतःचाच राग आला. घरी विचारण्यासारखं काय होतं?

नवरा जेवून सफरचंद खात होता. तो सफरचंद कापून खात नसे, सबंध हातात धरून पुढच्या दातांनी तोडायचा, कारण पुढचे दोन दात तिने करून दिले होते आणि ते किती भक्कम आहेत हे त्याला रोज तिला दाखवायचं असे. ऐन तिशीत स्कूटरवरून पडून त्याचे ते दात गेले होते. तिने ते बसवले ते नुसते बसवले नाहीत. डावा जरासा तिरका ठेवला, मूळचा होता तसा, कडेला इवलीशी निळसर झाक दिली. तेव्हापासून त्याचं हसू गावभर गाजत आलं होतं. बिल्डिंगचा वॉचमन, बँकेतली बाई, बाबांचे डॉक्टर, सगळ्यांना त्याने त्या हसण्यानेच आपलंसं केलं. तिने दणक्याचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, बाटलीचंही सांगितलं. तो चावत चावत ऐकत होता.

"मग बाटलीच," तो म्हणाला. "विकायचीच आहे ना."

"कुणी ठरवलं विकायचीय म्हणून?"

"अगं, तुला सांगायचंच राहिलं. सिस्टरला देतोय आपण. परवा भेटल्या होत्या मेडिकलच्या दुकानात. त्यांना गाडी हवीच होती, तीसुद्धा क्लच नसलेली. गुडघा गेलाय ना त्यांचा. मी म्हटलं, बाहेर कशाला शोधता, बाबांचीच घ्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. रविवारी येतायत चालवून बघायला."

सिस्टर. तिला एकदम बाबांची खोली दिसली, पडदा अर्धा ओढलेला, आणि त्या उजेडात सिस्टरची पाठ. शेवटचं वर्षभर बाबांना सांभाळायला सिस्टर दिवसा असायच्या. बाबांना उठवायचं म्हणजे त्या आपला डावा पाय पलंगाच्या लाकडाला टेकवायच्या, बाबांचे दोन्ही हात आपल्या मानेभोवती घ्यायच्या आणि सगळं वजन त्या एका गुडघ्यावर घेऊन त्यांना वर काढायच्या. बाबा आडव्या हाडाचे, शेवटपर्यंत जड. चादर बदलताना, भांडं उचलताना, खोलीत ज्या वासाने तिचा जीव दारातच घुसमटायचा त्या वासात सिस्टर सहज श्वास घेत असायच्या. बाजारभाव सांगायच्या, शेजारणीच्या तक्रारी सांगायच्या. त्यांच्या नाकाची एक रेघ कधी हलली नाही. बाबा एकदा त्यांच्या अंगावर ओकले तेव्हासुद्धा त्या म्हणाल्या, "निघालं ना? आता हलकं वाटेल," आणि बाबांचंच तोंड आधी पुसलं. ती मात्र दारात टॉवेल घेऊन उभी असायची, टॉवेल नाकाजवळ.

"त्यांना ती बाटली घालून गाडी देणार?" तिने विचारलं.

"कुणीही असंच करतं." त्याने सफरचंदाचा गाभा ताटलीत ठेवला. गाभ्यावर तिच्या दातांचे, म्हणजे त्याच्या दातांचे, ठसे स्वच्छ उमटले होते. "आणि स्वस्तातच देतोय की. जुनी गाडी घेणाऱ्याला माहीत असतं की जुनी आहे. तू उगाच जीव आटवतेस." आणि तो हसला. डावा दात जरासा तिरका, निळसर झाक. इतकं खरं हसू तिने दुसऱ्या कुणाच्या तोंडात कधी बसवलं नव्हतं. त्या रात्री तिने आपली उशी पलंगाच्या अगदी कडेला ओढून घेतली. त्याचा श्वास मानेवर आला की ती आणखी सरकायची. त्याने वाईट काय केलं होतं? काहीच नाही, अजून. त्याने फक्त कुणीही करतं ते करायचं ठरवलं होतं.

सिस्टरचा फोन आला तेव्हा ती प्रयोगशाळेत होती. समोर एका म्हाताऱ्या बाईची वरची कवळी, अजून मेणातच. कोळशासारख्या तापल्या पात्याने ती हिरडीला आकार देत होती आणि मेणाचा गोडसर वास नाकात बसला होता. मोजा काढून तिने फोन उचलला.

"ताई, साहेब म्हणाले गाडीचं. खरंच देताय का हो मला?" सिस्टरच्या आवाजात लाजल्यासारखं काहीतरी होतं, ते ऐकायची तिला सवय नव्हती. "मला गाडीतलं काही कळत नाही. माझ्याकडे दाखवायला माणूसही नाही. पण म्हटलं, ताईंना विचारावं. तुम्ही चांगली आहे म्हणालात की बास. मी डोळे मिटून घेते."

हाच तो क्षण होता, आणि तो आला तेव्हाच तिला ओळखू आला. तिने तोंड उघडलं. समोर मेणाच्या हिरड्यांतून बिनओठांचं एक तोंड आधीच उघडं होतं. ती म्हणाली, "बाबांची गाडी आहे, सिस्टर. मी काय सांगू?" पलीकडे सिस्टर थांबल्या. त्यांना आणखी काहीतरी हवं होतं. मग तिने ते दिलं. "चांगली आहे." शब्द गुळगुळीत होता, जिभेवरून घसरून गेला, मागे चव ठेवून. सिस्टर म्हणाल्या, "झालं तर मग," आणि बाबांची आठवण काढून फोन ठेवला. ती बेसिनपाशी गेली, चूळ भरली, पुन्हा भरली. खोटं बोलल्याने तोंडाला खरोखरच चव येते, हे तिला या वयात कळत होतं. की ते मेणच होतं?

दुसऱ्या दिवशी नवरा गाडी घेऊन गेला होता. संध्याकाळी त्याने तिच्या हातात चावी ठेवली आणि म्हणाला, जा, एक चक्कर मारून ये. तो कुठे जाऊन आला होता हे त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. ती खाली गेली. गाडी निघाली, दुसऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली, आणि कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. रस्ता जणू कुणीतरी इस्त्री करून ठेवला होता. ती पुलापर्यंत जाऊन वळणार होती, पण वळली नाही. नदीच्या काठाने गेली, गोदामांच्या मागून गेली, एका चढावर मुद्दाम पाय दाबला. गाडी वर चढली ती मांजरासारखी. खांदे सैल झाले, काच खाली केली, वारा आला, आणि तिला छान वाटलं. किती दिवसांनी असं नुसतं छान वाटत होतं. तशीच ती गाणंही गुणगुणायला लागली असती, पण चढ संपता संपता तिला उमगलं की आपल्याला मजा येतेय. आत तेच जळकं तेल होतं, त्यात ती मधासारखी बाटली, झिजलेल्या प्लेटी त्या चिकटपणात एकमेकींना बिलगून बसल्या होत्या, आणि तिचं सगळं अंग त्या चिकटपणावर खूश होतं. मिस्त्रीची किळस तिला सोसली होती, नवऱ्याचीही. ही स्वतःचीच होती, सोसेना. तिने गाडी कडेला घेतली, दार उघडून वाकली. पोटातून काहीच आलं नाही, नुसते उमासे.

रविवारी सिस्टर इस्त्रीची साडी नेसून आल्या. साडीत त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं. कायम तो फिका अंगरखा. नवऱ्याने त्यांना हात धरून गाडीत बसवलं, सीट पुढे करून दिली, आरसे लावून दिले आणि स्वतः मागे बसून दोन्ही सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं. ती सिस्टरच्या शेजारी बसली. सिस्टर दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, ओठ मिटून चालवत होत्या. पहिल्या वळणानंतर ओठ सुटले, दुसऱ्यानंतर त्या हसल्या. "अगंबाई! पायाला कामच नाही की!" आणि त्यांनी आपला डावा पाय लांब करून ठेवला, निवांत, मूल झोपवावं तसा. साडी जराशी वर सरकली होती. गुडघ्यावर पट्टा होता, त्याच्या वरच्या कडेला सुजलेलं मांस बाहेर आलं होतं.

"बघा," नवरा मागून म्हणाला, "लोणी आहे लोणी. बाबांनी जिवापाड सांभाळलीय."

"सिस्टर, गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली.

सिस्टरनी घेतली. बंद दुकानांची रांग होती, एक कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

"गिअरबॉक्स संपत आलाय. आत एक औषध ओतलंय, म्हणून अशी चालतेय. काही महिन्यांत बसेल. घेऊ नका."

मागून नवरा हसला. "ही ना! बाबांची गाडी द्यायची म्हटल्यावर हिचा जीव होत नाहीये, एवढंच आहे ते. सिस्टर, तुम्ही मनावर घेऊ नका."

सिस्टर समोरच्या काचेतून बघत होत्या. म्हणाल्या, "दुसरं गिऱ्हाईक आलंय का, ताई? तसं असेल तर तसं सांगा. मी काही रागावणार नाही."

"नाही हो. गिऱ्हाईक वगैरे काही नाही. खरंच खराब आहे."

"साहेब, तुम्हाला माहीत होतं?"

"छे! मला कुठलं गाडीतलं कळतंय?" तो म्हणाला, आणि आरशात तिला ते दोन दात दिसले.

"आणि तुम्हाला, ताई?"

"हो."

"मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही."

सिस्टरनी नीट आरसा बघितला, हात दाखवला, गाडी वळवली आणि घरापर्यंत व्यवस्थित चालवत आणली, रेषेत उभी केली. वर येऊन म्हणाल्या, हात धुते जरा. बेसिनपाशी उभं राहून त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, साबण लावून पुन्हा एकदा. नवरा चहाचं विचारत होता. तिने पुढे केलेला टॉवेल त्यांनी घेतला नाही. पर्समधून रुमाल काढून हात पुसले. आणि तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नाकाच्या बाजूला एक रेघ होती, बारीकशी. बाबांच्या खोलीत वर्षभर जी एकदाही दिसली नव्हती. मग त्या जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी, खाली गेल्या.

"झालं समाधान?" दार लावून नवरा म्हणाला. "आता बरं वाटत असेल तुला."

त्याला तोडून टाकणारं काहीतरी बोलावं म्हणून ती वळली, पण त्याचं बरोबर होतं. बरं वाटत होतं. ओकून झाल्यावर वाटतं तसं, हलकं, रिकामं. पोटात मावेना म्हणून तिने ते बाहेर टाकलं होतं, आणि टाकताना समोर कोण आहे हे पाहिलं नव्हतं. सांगायचंच होतं तर फोन होता. फोनवर तिला स्वतःचं सुचलं, गाडीतही स्वतःचंच. तिने दार उघडलं आणि जिन्यात डोकावली, पण पावलांचा आवाजही गेला होता. मागून नवरा म्हणत होता, दुसऱ्या कुणाला तरी देऊ, ओळखीच्या माणसाला दिली हीच चूक. ती म्हणाली, गाडी विकायची नाही. तो म्हणाला, मग काय मांडीवर घेऊन बसणार आहेस? ती म्हणाली, हो. बोलणं तेवढ्यावरच राहिलं. त्यानंतर किती तरी दिवस ते एकमेकांशी फक्त गॅस, दूध आणि किल्ल्या यांच्याबद्दल बोलले. तो हसायचा, पण घरात नाही.

मिस्त्रीने तिला बघितल्याबरोबर विचारलं, "पार्टी पळाली काय?" ती म्हणाली, सगळं काढा. बाटली, तेल, सगळं. मशीन लावून धुऊ नका; खालचं झाकण उतरवा, गळेल तेवढं गळू द्या आणि पुस्तकातलं पातळ तेल घाला. थोडे दिवस चालवून मी पुन्हा येईन, तेव्हा पुन्हा काढा. "हलली नाही तर?" मिस्त्री म्हणाला. "नाही हलली तर नाही हलली. नाही हलत, एवढं तरी कळेल." त्याने खांदे उडवले. ती बाहेरच्या खुर्चीत बसली नाही, उचललेल्या गाडीखाली त्याच्या शेजारी उभी राहिली. झाकण सुटलं आणि ते आलं. आधी दाट, दोरीसारखं, मग पातळ, तपकिरी, आणि मग बराच वेळ नुसतं थेंब थेंब. बाबांच्या सगळ्या वाटा त्या ट्रेमध्ये साचत होत्या, धूळभरले रस्ते, कारखान्यांची फाटकं, पहाटे निघणं. वास पहिल्यासारखाच होता. झाकणाच्या आत एक चुंबक होता, त्याच्यावर काळा गाळ चढलेला, बुरशीसारखा केसाळ. मिस्त्री फडकं शोधत होता. तिने तो चुंबक हातात घेतला, उघड्या हातात, आणि अंगठ्याने गाळ पुसायला लागली. मऊ होता. आत कुठेही टोचणारा कण नव्हता, इतकी ती भुकटी बारीक दळलेली होती. कवळीला शेवटची चकाकी देताना ती जी पूड वापरायची तिच्यासारखीच. पोट ढवळेल म्हणून ती थांबली, वाट बघितली. ढवळलं नाही. तिने सगळा गाळ काढला आणि चुंबक पुन्हा चमकेपर्यंत पुसला. हाताला काळं लागलं ते दोन-तीन दिवस नखांतून गेलं नाही. "असं कुणी करत नाही हां, मॅडम," मिस्त्री म्हणाला, आणि नव्या तेलाचा डबा फोडला. लाल होतं. खरंच सरबतासारखं.

गाडी हलली. धड नाही, पण हलली. तिसऱ्यात जाताना चाचरायची, दणका द्यायची, चढावर ओरडायची; आता ते सगळं उघड होतं. तिने दोनदा तेल बदललं आणि मग एका सकाळी ती सिस्टरकडे गेली. सिस्टर सध्या एका म्हाताऱ्या वकिलाला सांभाळत होत्या, गावाच्या जुन्या भागात, बोळाच्या टोकाला असलेल्या बंगलीत. बोळ इतका अरुंद होता की दोन्ही बाजूंच्या भिंती आरशांना लागतील असं वाटत होतं. फाटकाशी जाऊन ती थांबली. सिस्टर बाहेर आल्या, त्याच फिक्या अंगरख्यात, हात ओले.

"तेल बदललं," ती गाडीतूनच म्हणाली. "योग्य ते घातलंय. औषध काढून टाकलं. दणका बसतो, पण चालते. विकायला नाही आणलेली. तुम्हाला हवी असली तर अशीच घेऊन जा."

सिस्टरनी गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही. "किती दिवस चालेल?"

"माहीत नाही."

"मग तेव्हाही एवढंच सांगायचं होतं ना, ताई. माहीत नाही म्हणून. मी चालवली असती तेवढे दिवस."

आतून वकिलाने हाक मारली, घोगरी, लहान मुलासारखी हट्टी. सिस्टर "आले" म्हणाल्या आणि वळल्या. मग फाटक लावता लावता थांबल्या. "तुम्हाला वळवायला जागा नाही इथे. मागेच घ्यावी लागेल. मागे नाली आहे, उघडी." त्या बाहेर आल्या, पाय ओढत तिच्या गाडीला वळसा घालून मागे गेल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. तिने गिअर मागे टाकला. गाडी काहीच बोलली नाही. तिने वाट बघितली. आत कुठेतरी खोल काहीतरी हललं, शोधलं, आणि ठणकन धरलं. आरशात सिस्टरचा ओला हात वर झाला. आवाज रागाचा नव्हता, मायेचाही नव्हता, कामाचा होता. "येऊ द्या," त्या म्हणाल्या. "येऊ द्या. थोडं डावीकडे. येऊ द्या, येऊ द्या... बास."